वाटीचा चटका, आमटी मात्र गार: मायक्रोवेव्हमध्ये कुठलं भांडं चालतं ते कसं ओळखायचं

आमच्या घरी मायक्रोवेव्ह येऊन आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मशीन एकदाही बिघडलं नाही पण त्यात ठेवलेलं भांडं मात्र दर दोन-तीन महिन्यांनी एखादं तरी कामातून जातंच. कधी डब्याचं झाकण वाकडं होऊन परत बसत नाही, कधी मगाचा कान असा तापतो की मग हातातून सुटायचाच बाकी राहतो, एकदा तर आत तडतड ठिणग्या उडाल्या आणि सासूबाई हातातली जपमाळ घेऊनच धावत आल्या. आणि दर वेळी घरातलं कोणीतरी म्हणतंच, "अगं पण परवा यातच तर गरम केलं होतं, तेव्हा काही नाही झालं!"

हे "परवा तर चाललं होतं" मला फार छळत होतं. शेवटी एका रविवारी मांडणीवरची, ट्रॉलीतली, वरच्या कपाटातली सगळी भांडी ओट्यावर काढली आणि एकेक तपासत बसले. दुपारी जेवायला तीन वाजले, नवऱ्याने दोनदा विचारलं की आज खिचडी तरी होणार आहे का, पण डोक्यातला गोंधळ बराच सुटला. तोच इथे लिहितेय.

आधी आत नक्की काय होतं ते थोडक्यात, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाठांतर वाटेल. ओव्हन आत २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्या मुख्यतः अन्नातलं पाणी शोषतं आणि अन्न तापतं. चांगलं भांडं म्हणजे या लहरी आरपार जाऊ देणारं, स्वतः काही न खाणारं. तेही शेवटी गरम होतंच, पण आतल्या आमटीमुळे, म्हणजे आमटी आधी आणि वाटी नंतर. त्यामुळे प्रश्न एक नाही, दोन आहेत. भांडं स्वतः लहरी खातंय का? आणि आतलं अन्न तापलं की ती धग त्याला सोसतेय का? आपण हे दोन एकत्र करतो आणि तिथेच फसतो, कारण पहिल्यात पास झालेलं भांडं दुसऱ्यात सपशेल नापास होऊ शकतं, आणि पहिला तर एकाच भांड्याच्या बाबतीत दिवसागणिक बदलतो, ते पुढे सांगतेच.

पहिल्या प्रश्नासाठी पाण्याची टेस्ट. जे भांडं चालतं हे पक्कं माहीत आहे अशा काचेच्या मगात कपभर पाणी घ्यायचं, शेजारी ज्याची शंका आहे ते भांडं रिकामं आणि कोरडं ठेवायचं, फुल पॉवरवर एक मिनिट. पाणी कोमट आणि भांडं गार, तर पास. भांडंही कोमट किंवा गरम, तर ते लहरी खातंय, त्यात अन्न गरम करायचं नाही. पाणी कशाला म्हणाल तर आत लहरी शोषणारं काहीतरी हवंच, नुसतं रिकामं भांडं ठेवून ओव्हन चालवला की ते सगळं परत मशीनवरच येतं आणि मॅग्नेट्रॉनची, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाची, वाट लागू शकते. माझ्या बहिणीने पाणी न ठेवताच अख्खा डिनर सेट असा "तपासला" होता, नशीब दहा-दहा सेकंदांवरच थांबली.

या टेस्टला दोन पथ्यं आहेत आणि ती कोणी सांगत नाही. एक म्हणजे धातूचं किंवा धातूची किनार असलेलं भांडं यात घालायचंच नाही, तिथे तपासण्यासारखं काही नाहीच. आणि दुसरं, प्लास्टिकसाठी ही टेस्ट जवळजवळ निरुपयोगी आहे. बरंचसं प्लास्टिक लहरींना आरपार सोडतं, त्यामुळे रिकामं ठेवलं तर गारच राहतं आणि आपण खूश, मग त्यात तर्रीवाला रस्सा घातला की बूड मऊ.

भांडं भाजतंय आणि अन्न गार

हे आमच्याकडे सगळ्यात जास्त व्हायचं आणि सगळ्यात जास्त मेलामाइनच्या प्लेट्समुळे. त्या दिसायला चिनीमातीसारख्या असतात, पडल्या तरी फुटत नाहीत, पोरांच्या वाढदिवसाला बऱ्या म्हणून घरोघरी असतात. नखाने टिचकी मारून बघा, चिनीमाती टण्ण वाजते, मेलामाइनचा आवाज बद्द येतो आणि हातात हलकीही लागते. ही प्लेट स्वतःच लहरी खाते. पोहे ठेवले तर पोहे मधे गार आणि प्लेटची कड हात लावू देत नाही. नुसतं चटक्याचंही नाही, तापल्यावर त्यातलं मेलामाइन अन्नात उतरू शकतं, आंबट पदार्थ असेल तर जास्तच, म्हणून अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन, ते एफडीए, तेही सांगतं की मेलामाइनच्या भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापवू नका. वाढायला खुशाल वापरा. बांबूच्या म्हणून मिळणाऱ्या कप-प्लेट्स हल्ली फार आल्यात, त्यातही बऱ्याचदा बांबूचा भुसा मेलामाइनच्या राळेत बसवलेला असतो, म्हणजे नाव बांबूचं आणि गुण तेच.

हाताने बनवलेली, चकचकीत गडद रंगाची मातीची भांडी प्रदर्शनातून आणतो ना, त्यातलीही काही तापतात, कारण ग्लेजमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, धातूचे क्षार असतात. माझा एक सुंदर निळा-काळा बाऊल असाच नापास झाला. त्यात आता लिंबं ठेवते.

तोच मग, एक दिवस गार, एक दिवस गरम

आता माझी लाडकी केस. चिनीमातीचा पांढरा मग, साधा, कुठे सोनेरी रेघसुद्धा नाही. सकाळी त्यात दूध गरम केलं तर कान गार, रात्री केलं तर कानाला धरवत नाही. मी ओव्हनवरच संशय घेत होते. मग त्या रविवारी मग उपडा करून बघितला. बुडाला खाली एक गोल कड असते, जिच्यावर मग टेकतो, तिथे ग्लेज नसतं, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. माझ्या मगाच्या त्या कडेला दोन ठिकाणी टवके गेलेले आणि आतल्या अंगाला ग्लेजवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, चहाने तपकिरी झालेल्या. म्हणजे मग पाणी पीत होता! रात्री सिंकमध्ये दोन तास पाण्यात बुडवलेला मग घासला की लगेच ओव्हनमध्ये जायचा, भिंतीत मुरलेलं पाणी तापायचं आणि मग भाजायचा. सकाळी तोच मग रात्रभर वाळलेला असायचा, तेवढा तापत नव्हता.

खात्री करायची म्हणून मुद्दाम केलं, रात्रभर पाण्यात ठेवून टेस्ट, कान चांगलाच गरम. मग दोन दिवस उन्हात उपडा ठेवून टेस्ट, बराच गार. तेव्हा तुमचं एखादं भांडं असं लहरी वागत असेल तर आधी ते वाळवा आणि मग निकाल द्या. पण अशा तडे गेलेल्या भांड्याला फार दिवस वापरू नका, आतल्या पाण्याची वाफ होते आणि एक दिवस फटकन उकलतं. कुल्हड, संक्रांतीची सुगडं, दह्याचं मडकं ही ग्लेज नसलेली मातीची भांडी तर पाणी प्यायलाच बसलेली असतात, ती नकोच. कुल्हडात चहा परत गरम करायचा मोह मलाही झाला होता, बूड गळलं, फिरती प्लेट चहाने भरली.

ठिणग्या

स्टीलवर आपलं अख्खं स्वयंपाकघर उभं आहे त्यामुळे हे समजावणं घरात सगळ्यात अवघड. सासूबाईंचा मुद्दा असा की एकदा चुकून स्टीलची वाटी आत गेली होती आणि काहीच झालं नाही. खरंय, दर वेळी होतंच असं नाही. धातू लहरी परत फेकतो, गुळगुळीत जाड वाटी मधोमध असेल तर कदाचित नुसतंच वरचं वरण कोमट होईल आणि खालचं गार राहील. पण तीच वाटी आतल्या भिंतीला टेकली, किंवा त्यात चमचा राहिला, किंवा दोन वाट्या जवळजवळ आल्या की मधल्या फटीत ठिणगी पडते. काट्याची टोकं, चुरगळलेला फॉइल, डब्याची पातळ कड, जिथे टोक तिथे ठिणगी. "मग तो ओव्हन आतून पत्र्याचाच आहे ना गं?" हाही त्यांचाच प्रश्न, आणि चांगला प्रश्न. त्या भिंतींचं कामच लहरी परत आत फेकायचं आहे, त्या सपाट आहेत, टोकं आणि फटी नाहीत म्हणून ठिणगी नाही. तुमच्या ओव्हनच्या मॅन्युअलमध्ये धातूला स्पष्ट परवानगी नसेल तर विषय तिथेच बंद. आणि लोहचुंबक लावून ठरवू नका, आपल्याकडचं बरंच चांगलं स्टील चुंबकाला चिकटतच नाही.

उघड स्टील एकवेळ लक्षात येतं, लपलेला धातू फसवतो. पोळ्यांचा कॅसरोल बाहेरून प्लास्टिकचा, आत स्टीलचं अस्तर. लेकीचा शाळेचा डबा तसाच. हॉटेलातून रोटी येते ती कागदी पिशवी आतून चंदेरी असते. झटपट बांधलेल्या पार्सलच्या तोंडाला तार असते. आणि आपला खास मराठी अपघात म्हणजे चंदेरी द्रोण! सत्यनारायणाचा शिरा शेजारून द्रोणात आला, जरा गार होता, मी द्रोणासकट आत ठेवला, पाच सेकंदात कडेने चटचट सुरू. ती चांदी म्हणजे कागदावर चढवलेला पातळ धातूचा मुलामा. सासूबाई जपमाळ घेऊन धावत आल्या त्या याच वेळी.

सोनेरी काठाचे कप हा घरात जरा नाजूक विषय, कारण तो टी-सेट त्यांच्या लग्नातल्या आहेरातला. ती सोनेरी रेघ खरोखर धातूची असते, पातळ, त्यामुळे त्यात प्रवाह वाहून ती जळते आणि काठ काळा पडतो. मी समजावत होते तर त्याच म्हणाल्या, "म्हणजे जरीकाठाचं काही आत टाकायचं नाही, असं सांग की सरळ." तेव्हापासून आमच्याकडे हाच शब्द आहे, जरीकाठ. कपावरचं चंदेरी नाव, मगावरचं चमचमतं चित्र, बुडाखालचा सोनेरी शिक्का, सगळं जरीकाठ.

आता आत धातूचं काहीच नाही तरी ठिणग्या येत असतील तर आतल्या बाजूच्या भिंतीवर, बहुतेक उजवीकडे, एक पुठ्ठ्यासारखा पातळ तुकडा असतो तो बघा. तो अभ्रकाचा असतो, लहरी तिथूनच आत येतात. त्यावर तुपाचे-तेलाचे शिंतोडे उडून जळले की काळा डाग पडतो आणि तो डागच ठिणग्या पाडतो. नुसतं खरकटं असेल तर ओव्हन बंद करून प्लग काढून ओल्या फडक्याने पुसा, जळून भोक पडलं असेल तर मेकॅनिककडून बदलून घ्या, तोवर ओव्हन चालवू नका. आणि ठिणग्यांचं पुढे आगीत रूपांतर झालं तर दार उघडायचं नाही, बंद करायचं आणि प्लग काढायचा, आत हवा मिळाली नाही की आग विझते.

डब्याला पिवळा, खरखरीत पट्टा

हे प्रत्येक घरात असणार, एखादा डबा काढून बघाच. आतून बोट फिरवा. खाली गुळगुळीत, वर गुळगुळीत आणि मधे एका रेषेत पिवळा, खडबडीत, जणू सँडपेपरने घासलाय असा पट्टा. घासून जात नाही, उन्हात ठेवला तर पिवळेपणा थोडा उडतो पण खडबडीतपणा जात नाही. ही रेषा म्हणजे आमटीवरचा तवंग जिथे होता ती जागा. पाणी शंभर अंशाला उकळतं आणि तिथेच अडून राहतं, पण तेलाला असा काही अडसर नाही, ते शंभराच्या कितीतरी वर जातं. तवंगाची कड डब्याला जिथे टेकते तिथे प्लास्टिक वितळून बारीक खड्डे पडतात, त्यात हळद विरघळलेलं तेल जाऊन बसतं. म्हणून साधा भात त्याच डब्यात वर्षभर गरम करा, काही होत नाही, आणि एकदाच मिसळीचा कट करा, डबा संपला. दुसरा प्रश्न म्हणत होते तो हाच. शिरा, गुळाची पोळी, जॅम, चीज, म्हणजे तेल-तूप किंवा साखर असलेलं काहीही प्लास्टिकमध्ये नको.

बुडाखालचा त्रिकोण आणि आतला आकडा बघायची सवय लावा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते साधारण १६० अंशांच्या आसपास वितळतं, मायक्रोवेव्हचे म्हणून मिळणारे डबे बहुतेक याचेच असतात. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं, ते ७०-७५ अंशांतच मऊ पडतं, गरम पाणी ओतलं की बाटली आक्रसते ना, तेच. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोलही त्यातलंच, अजिबात नको. ३ नको, ७ म्हणजे "इतर", त्यात काहीही असू शकतं म्हणून तेही नको. पण नुसत्या ५ वर भरवसा नाही, सोबत लाटांचं चिन्ह किंवा तसं लिहिलेलं हवं, कारण पातळ डबा ५ चा असला तरी वाकतो. पेला आणि काटा असं चिन्ह असतं ते फक्त अन्न ठेवायला योग्य एवढंच सांगतं, बर्फाची चांदणी फ्रीजरसाठी. आणि झाकण वेगळं तपासा! पार्सलच्या काळ्या डब्याचं बूड ५ आणि पारदर्शक झाकण बरेचदा दुसऱ्याच प्लास्टिकचं. नवऱ्याने असे चौदा डबे जमवले होते, त्यातल्या सहांनाच झाकणं होती, ते वेगळंच दुखणं.

"मायक्रोवेव्ह सेफ" लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ डबा वितळणार-फुटणार नाही एवढाच धरते मी. जुना, चरे पडलेला डबा असेल तर तो लिहिलेला असूनही बाद. आणि कुलपाच्या क्लिपा असलेला डबा क्लिपा लावून गरम करू नका, वाफेला वाट नसते. झाकण नुसतं वर ठेवा. गार होताना झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसलं असेल तर सुरीने उचकटू नका, काचेचा डबा असेल तर तो कोमट पाण्यात जरा वेळ धरा, सुटतं.

कागदी कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, चहा गरम करायला नकोच. आणि पापड भाजताना खाली वर्तमानपत्र घालायची सवय असेल तर सोडा, शाई अन्नात उतरते, एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत तर अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायलाच बंदी आहे. पापड सरळ फिरत्या काचेवर ठेवा, छान फुलतो.

काच तडकली

आपण प्रत्येक काचेच्या भांड्याला बोरोसिल म्हणतो, पण बोरोसिलिकेट ही काचेची जात आहे आणि सगळी काच त्या जातीची नसते. साधी काच तापल्यावर जेवढी प्रसरण पावते त्याच्या साधारण एक तृतीयांशच बोरोसिलिकेट पावते, म्हणून ती झटका सोसते. सरबताचा ग्लास, लोणच्याची बरणी, जॅमची बाटली ही साधी काच. पाण्याच्या टेस्टमध्ये तीही पास होते, पण दूध उकळलं की तडकू शकते. बोरोसिलिकेटही अमर नाही बरं का, माझा भाताचा बाऊल ओव्हनमध्ये नाही तर बाहेर काढून ओल्या ग्रॅनाइटवर टेकवला तेव्हा दोन तुकडे झाला. गरम काचेखाली कोरडं फडकं, आणि फ्रीजरमधून काढलेली काच थेट आत नाही.

नव्याकोऱ्या गुळगुळीत ग्लासात नुसतं पाणी गरम करताना अजून एक धोका, पाणी शंभराच्या वर जातं पण बुडबुडे येतच नाहीत, आणि त्यात कॉफी टाकली की उसळून अंगावर येतं. त्यात लाकडी चमचा ठेवा आणि संपल्यावर अर्धा मिनिट थांबा.

एक मात्र राहिलं. वरचं सगळं नुसत्या मायक्रोवेव्ह मोडसाठी आहे. कन्व्हेक्शन मोड लागला की तो साधा तापलेला भट्टीचा ओव्हन, १८० अंश म्हणजे १८०, तिथे केकचा पत्र्याचा टिन चालतो आणि सगळ्यात चांगला मायक्रोवेव्हचा प्लास्टिक डबा मात्र वितळून जाळीवर लोंबतो. म्हणजे नियम बरोब्बर उलटे. केक झाल्या झाल्या तापलेल्या ओव्हनमध्ये कोणी प्लास्टिकची वाटी ठेवत असेल तरी तेच, मोड बदलला तरी भिंती आणि जाळी तापलेल्याच असतात.

आता ओव्हनच्या खालच्या कप्प्यात सात भांडी वेगळी काढून ठेवलीत, चार बोरोसिलिकेटचे बाऊल, दोन साधे पांढरे मग आणि एक ओपल म्हणजे दुधी पांढऱ्या काचेची पसरट ताटली, झाकण म्हणूनही तीच. भांडीवाल्या मावशींना सांगितलंय की मग पाण्यात घालून ठेवू नका, घासून उपडेच ठेवा. टवके गेलेल्या त्या मगात तुळशीची रोपं आहेत आणि जरीकाठाच्या कपात चहा गॅसवरूनच जातो. स्टीलची वाटी अजूनही महिन्यातून एकदा कोणीतरी आत ठेवतंच, मागच्या आठवड्यात तर मीच.